स्टेपर मोटरचं तापणं (हौशी सीएनसी मशीन)

स्टेपर ही ठरावीक छोट्या पावलांनी (स्टेप) फिरणारी मोटर. तिचं तापणं म्हणजे छोटे सीएनसी (कॉम्प्युटरच्या हुकमावर चालणारे) राउटर, मिनी लेथ, मिलिंग, थ्रीडी प्रिंटर अशा घरगुती मशीनवरच्या स्टेपरच्या वाइंडिंगमध्ये (आतल्या तांब्याच्या गुंडाळीत) करंटमुळे तयार होणारी उष्णता, आणि ती किती होऊ द्यायची, कुठून बाहेर काढायची याचं सगळं गणित. मशीन नवीन जोडलं की पहिला फोन याचसाठी येतो, मोटर हात लावू देईना एवढी तापलीय, जळाली का काय? बहुतेक वेळा काही झालेलं नसतं, स्टेपर ही तापतच चालणारी मोटर आहे. पण सोलापुरात, तेही पत्र्याच्या शेडमध्ये आणि एप्रिल-मेमध्ये, एवढ्यावर विषय सोडून देता येत नाही, कारण कॅटलॉगमधला आकडा शेडच्या तापमानावर चढवून मोजायचा असतो आणि तिथंच लोक फसतात.

उभी मोटर का तापते

साधी इंडक्शन मोटर लोड आला की जास्त करंट खेचते, रिकामी असली की कमी. स्टेपरचं तसं नाही, ड्रायव्हर (मोटरला करंट देणारं सर्किट) जेवढा करंट सेट केलाय तेवढा वाइंडिंगमध्ये कायम धरून ठेवतो, मोटर फिरत असो नाहीतर जागेवर उभी असो, कारण त्या करंटनंच रोटर (मोटरचा फिरणारा भाग) जागेवर घट्ट राहतो. उभ्या मोटरचं काम शून्य, म्हणजे आत गेलेली सगळी वीज उष्णता होऊनच बाहेर पडते. बाजारात सर्रास मिळणारी नेमा २३ मोटर घ्या (नेमाचा आकडा मोटरच्या चेहऱ्याचं माप सांगतो), २.८ अँपिअरची, एका फेजचा (दोनपैकी एका वाइंडिंगचा) रेझिस्टन्स साधारण १.१ ओहम. दोन्ही फेज चालू धरले तर २ × २.८ × २.८ × १.१, म्हणजे १७ वॅटच्या आसपास. तीन ॲक्सिसच्या तीन मोटरी मिळून ५० वॅट, २५ वॅटच्या दोन सोल्डरिंग आयर्न मशीनला बांधून दिवसभर चालू ठेवल्यासारखं. मोटर जोरात फिरायला लागली की यात मोटरच्या लोखंडी गाभ्यात वाया जाणाऱ्या विजेची भर पडते, आणि ही भर स्पीडबरोबर आणि सप्लायच्या व्होल्टेजबरोबर वाढते.

मोटरवर ३ व्होल्ट लिहिलेलं असतं आणि सप्लाय ३६ किंवा ४८ व्होल्टचा, हे बघून नवीन माणूस घाबरतो. ते ३ व्होल्ट म्हणजे नुसतं २.८ गुणिले १.१, त्याचा सप्लायशी संबंध नाही, करंटवर लगाम ड्रायव्हरचा असतो. सप्लायसाठी एक ठोकताळा आहे, वाइंडिंगचा इंडक्टन्स (करंट बदलायला होणारा विरोध) मिलिहेन्रीत घ्या, त्याचं वर्गमूळ काढा, ३२ नं गुणा. ३.६ मिलिहेन्रीला हे ६० व्होल्ट येतं, ती वरची हद्द समजायची. डीएम५४२ ड्रायव्हर ५० व्होल्टपर्यंतचाच, त्यामुळे त्याला ३६ पुरतात.

किती ताप चालतो

बहुतेक स्टेपरचं इन्सुलेशन क्लास बी, म्हणजे वाइंडिंगला १३० अंश सेल्सिअसपर्यंत परवानगी. कॅटलॉगमध्ये तापवाढ ८० अंश लिहिलेली असते, ती पूर्ण करंटवर आणि आजूबाजूच्या हवेच्या वर. आता हे सोलापूरला लावून बघा. गड्ड्याच्या यात्रेच्या, म्हणजे जानेवारीतल्या थंडीत सकाळी शेड २० अंशांवर असलं तर वाइंडिंग १०० वर थांबेल, निवांत. मेमध्ये बाहेर पारा ४२-४३ ला गेलेला असतो, वर तापलेला पत्रा, शेडमध्ये ४५ सहज होतात, म्हणजे ४५ अधिक ८०, १२५ अंश. हद्द पाच अंशांवर येऊन ठेपली. म्हणून करंट जानेवारीत सेट करून विसरायचा नाही, मेची दुपार डोळ्यापुढे ठेवूनच सेट करायचा, माझं यावर ठाम मत आहे.

वाइंडिंगच्या आधी आजूबाजूचं सामान हार मानतं. रोटरमधल्या निओडिमियम मॅग्नेटचे साधे ग्रेड ८० अंशांपर्यंतचेच असतात, त्याच्या आत ताकद थोडी कमी होते ती गार झाल्यावर परत येते, हद्द ओलांडली तर गेलेली ताकद परत येत नाही. पीएलए प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. माझ्या पहिल्या राउटरला एक्स ॲक्सिसची मोटर पीएलएच्या प्रिंट केलेल्या ब्रॅकेटवर होती, मेमध्ये दुपारी जेवून आलो तर ब्रॅकेट बेल्टच्या ओढीनं पुढं वाकलेलं, बोल्टची भोकं लांबट झालेली आणि बेल्ट ढिला, मोटर मात्र ठणठणीत. तेव्हापासून मोटरखाली ॲल्युमिनियमची प्लेटच.

हातानं अंदाज असा: बॉडीवर हात ठेवून राहता आलं तर ५० च्या आत, दोन-तीन सेकंदांत चटका बसून मागे घ्यावा लागला तर ६० च्या पुढं, पाण्याचा थेंब चर्र झाला तर १०० गेले, लगेच बंद करा. खरं तापमान वाइंडिंगच्या रेझिस्टन्सवरून कळतं, कारण तांब्याचा रेझिस्टन्स अंशामागे ०.३९ टक्के वाढतो. ३० अंशांला ३.० ओहम दाखवणारी नेमा १७ तासाभरानं ३.५ दाखवत असेल तर आतलं वाइंडिंग ७४ अंशांवर आहे. मोजायच्या आधी सप्लाय बंद करूनच मोटरची वायर काढायची, चालू ड्रायव्हरवरून काढली तर ड्रायव्हर जातो. आणि दहा मिनिटांत निकाल लावू नका, नेमा २३ ला पूर्ण तापायला तास लागू शकतो.

करंट कमी करणं

सगळ्यात जास्त फायदा इथं आहे. उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, टॉर्क (फिरवायचा जोर) मात्र साधारण करंटच्याच प्रमाणात, म्हणजे करंट ७० टक्के केला की टॉर्क ७० राहतो आणि ताप निम्मा होतो. डीएम५४२ च्या तक्त्यात पीक (करंटचं सर्वात वरचं टोक) आणि आरएमएस (ताप ठरवणारी सरासरी) असे दोन रकाने असतात, त्यांची गल्लत नेहमीची. २.८ च्या मोटरला आरएमएस २.६९ ची ओळ लावली तर पीक ३.७६ होतो, आणि पीक २.८४ ची ओळ लावली तर आरएमएस २.०३. पहिली ओळ चुकीची नाही, पण दुसरीत ताप पहिलीच्या ५७ टक्केच होतो, आणि लाकूड, ॲक्रिलिक कापणाऱ्या मशीनला तेवढा जोर पुरतो. आपल्याकडे उन्हाळ्यात मी दुसरीच लावतो.

याच ड्रायव्हरवर चौथी स्विच ऑफ ठेवली की मोटर थांबल्यावर करंट आपोआप निम्मा होतो, म्हणजे उभ्या मोटरचा ताप पाव. जीआरबीएलमध्ये (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचं सॉफ्टवेअर) डॉलर-एक ($1) सेटिंग २५५ ठेवलं की मोटरींचा करंट कायम चालू राहतो, बऱ्याच राउटरवर हे एकदा करून ठेवतात आणि मशीन जेवणाच्या सुट्टीतही तापत राहतं. पण करंट पूर्ण बंद करताना झेड (वर-खाली जाणाऱ्या) ॲक्सिसचा विचार करा, ८ मिमी लीडचा (एका फेऱ्यात ८ मिमी सरकवणारा) स्क्रू किंवा बॉलस्क्रू असेल तर स्पिंडल (कटर फिरवणारा भाग) स्वतःच्या वजनानं खाली घसरतो, २ मिमी लीडचा साधा स्क्रू सहसा धरून ठेवतो.

उष्णता बाहेर काढणं

मोटरचा पुढचा चेहरा धातूच्या प्लेटला पूर्ण टेकलेला असला तर प्लेटच हीटसिंक होते, मध्ये थर्मल पेस्टचा पातळ थर दिला तर आणखी बरं. मागे छोटा फॅन लावला तरी फरक हाताला कळतो. बारीक काम करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं, तीच उष्णता कपलिंगमधून (मोटर आणि स्क्रू जोडणारा तुकडा) स्क्रूतही जाते. ३०० मिमीचा स्टीलचा स्क्रू १५ अंशांनी तापला की ०.०५ मिमी लांबतो, म्हणून मापाचं काम मशीन अर्धा-पाऊण तास चालवून मगच.

सोलापूरच्या पूर्व भागात घराला लागून यंत्रमागाचं शेड असतं आणि सुताची उडती धूळ सगळीकडे बसते. फॅनच्या पात्यांवर, ड्रायव्हरच्या हीटसिंकच्या फटींमध्ये तिचा राखाडी थर धरतो, बोटानं ओढला तर पट्टीसारखा निघतो. त्याखाली ड्रायव्हर तापून स्वतःला बंद करतो, गार झाला की परत चालू, आणि माणूस स्टेप चुकल्याचा दोष मोटरला देत बसतो. आठवड्यातून एकदा सप्लाय बंद करून ब्रशनं साफ केलं की हा त्रास जातो. कुलरची हवा मात्र थेट मशीनवर सोडू नका, ओलाव्यानं रेल आणि स्क्रू गंजतात, त्यापेक्षा पत्र्यावर चुना मारा आणि लांबलचक जॉब सकाळी सातलाच लावा.