रॉकेट उतरणार कुठे?

दिवाळीत वाशीतल्या एखाद्या गच्चीवर बाटलीत उभे केलेले रॉकेट वात पेटता पेटता कलते आणि थेट समोरच्या बाल्कनीत शिरते, हे दृश्य नवी मुंबईकरांना नवे नाही. हौशी मंडळी ज्यांना हाय-पॉवर म्हणतात ती रॉकेटे मुळात याच जातीची, फक्त त्यांचे बळ अफाट. रॉकेटाला ढकलणाऱ्या इंधनभरल्या नळीला मोटर म्हणतात; मोटरींचे वर्ग त्यांच्या एकूण आवेगावरून, म्हणजे जोर आणि तो टिकण्याचा वेळ यांच्या गुणाकारावरून, ठरतात आणि प्रत्येक पुढच्या अक्षराला मर्यादा दुप्पट होते. ‘ए’ची मर्यादा २.५ न्यूटन-सेकंद, तर हाय-पॉवरची सुरुवात जिथून होते त्या ‘एच’ची ३२०.

घन इंधनाला बारीकशी चीर असली, तरी ज्योत तिच्यात शिरून जळणारा पृष्ठभाग एकाएकी वाढतो आणि नॉझलमधून, म्हणजे मोटरीच्या खालच्या तोंडातून, वेळेत बाहेर न पडलेला वायू मोटरीचे कवचच फोडतो. घरी इंधन शिजवण्याचा उत्साह म्हणूनच जिवावर बेततो.

आपल्याकडे खरी अडचण मात्र उतरण्याची आहे. १,००० मीटरवर पॅराशूट उघडले आणि रॉकेट सेकंदाला ५ मीटर वेगाने खाली येऊ लागले, तर त्याला २०० सेकंद लागतात. तेवढ्यात खाडीवरचा ताशी १८ किलोमीटरचा साधा वारा त्याला एक किलोमीटर दूर, म्हणजे भर वस्तीत नेतो. (पॅराशूट उघडलेच नाही तर काय, हे वेगळे सांगायला नको.) अमेरिकेतल्या सुरक्षा संहितेत मैदानाची लहानात लहान बाजूही १,५०० फूट किंवा अपेक्षित उंचीच्या निम्मे, यांपैकी जे मोठे निदान तेवढी लागते. वाशीत एवढी मोकळी जागा शोधून पाहावी.

कायद्याचे म्हणाल, तर १८८४च्या स्फोटके अधिनियमातील व्याख्येत ‘रॉकेट’ हा शब्दच आहे. निर्मिती, साठवण, वाहतूक यांचे परवाने २००८च्या नियमांखाली येतात आणि ते पाहणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय यंत्रणेचे मुख्यालय नागपुरात आहे. शिवाय आता उलव्याला विमानतळ झाला आहे. तीन अंशांच्या नेहमीच्या उतारावर उतरणारे विमान धावपट्टीपासून १० किलोमीटरवर जेमतेम ५२० मीटर उंच असते, आणि हलक्या रॉकेटाला एवढी उंची ‘एच’ मोटर सहज देते.

अमेरिकेत पहिल्या पातळीच्या प्रमाणपत्रासाठी ‘एच’ किंवा ‘आय’ मोटरीचे रॉकेट उडवून ते शाबूत खाली आणून दाखवावे लागते. ते किती उंच गेले, याला तिथे गुण नाहीत.