रेनोचा थेट गिअर

पॅरिसमध्ये मोंमार्त्रची टेकडी आहे. तिच्यावर वळणं घेत चढणारा एक रस्ता आहे, र्‍यू लपिक. 54 क्रमांकाच्या घरात व्हॅन गॉग काही काळ भावाबरोबर राहायचा, तोच हा रस्ता. 24 डिसेंबर 1898 च्या रात्री एकवीस वर्षांचा लुई रेनो घरच्या बागेतल्या शेडमध्ये स्वतःच्या हातांनी बनवलेली छोटी चारचाकी घेऊन हा चढ चढला. त्याच रात्री बारा जणांनी तशी गाडी मागितली, असं सांगतात.

चढ होता 13 टक्क्यांचा, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की तेरा मीटर वर. गाडीचं इंजिन होतं जेमतेम 1.75 अश्वशक्तीचं. आपण थोडा हिशोब करू. गाडी आणि चालक मिळून 300 किलो धरले, तर अशा चढावर त्यांना वर ढकलायला सुमारे 380 न्यूटन जोर लागतो. 1.75 अश्वशक्ती म्हणजे जवळपास 1300 वॅट. तेवढ्यात, काहीही वाया गेलं नाही असं मानलं तरी, वेग मिळतो ताशी 12 किलोमीटर. आणि वाया तर जायचंच! गिअरच्या दातांत, बेअरिंगमध्ये, इतर गाड्यांत तर साखळीतही. इतक्या तोकड्या शक्तीत प्रत्येक वॅट मोलाचा होता, आणि लुईचं सगळं लक्ष तिथेच होतं.

इंजिन त्याचं स्वतःचं नव्हतं. ते द दिऑन-बुतॉन कंपनीचं, एका सिलिंडरचं, 273 सीसीचं, हवेने थंड होणारं. त्या काळातली इतर बरीच इंजिनं तापवलेल्या नळीने इंधन पेटवत. नळी बाहेरून बर्नरने लाल करायची आणि आतलं मिश्रण आपल्या वेळेला पेट घेईल तेव्हा घेईल. पेटण्याची वेळ हातात नसल्यामुळे ही इंजिनं मिनिटाला सात-आठशे फेऱ्यांच्या फारशी पुढे जात नसत. द दिऑन-बुतॉनच्या जॉर्ज बुतॉनने बॅटरी, कॉइल आणि संपर्क तोडणारा छोटा कॅम जोडून ठिणगी नेमक्या क्षणी पाडली, आणि त्याचं चिमुकलं इंजिन दीड हजार फेऱ्या घेऊ लागलं. मला हे काम रेनोच्या कामाइतकंच मोठं वाटतं. बुतॉनचं नाव आज कमी घेतलं जातं इतकंच.

आता ही शक्ती मागच्या चाकांपर्यंत न्यायची कशी? तेव्हा पानार ए लव्हासोर या मोटार कंपनीची पद्धत रूढ होती. इंजिन पुढे, मग क्लच, मग गिअरबॉक्स, तिथून आडवा दांडा आणि त्याच्या दोन टोकांना दोन साखळ्या, सायकलला असते तशा. साखळ्या उघड्यावर असल्याने धूळ-चिखल खात, सैल पडत आणि प्रचंड आवाज करत. शिवाय गाडी कोणत्याही गिअरमध्ये असो, शक्ती दातेरी चाकांतून फिरूनच पुढे जायची.

लुईने गिअरबॉक्समध्ये येणारा दांडा आणि बाहेर जाणारा दांडा एका रेषेत ठेवले. खालच्या गिअरमध्ये शक्ती शेजारच्या दांड्यावरून वळसा घेऊन येते, म्हणजे चाकांच्या दोन जोड्या ओलांडते. वरच्या गिअरला मात्र दोन्ही दांडे एकमेकांत अडकतात आणि एकच दांडा असल्यासारखे फिरतात. हाच थेट गिअर. मधले दात शक्ती वाहतच नाहीत, त्यामुळे घर्षण कमी, आवाज कमी, झीजही कमी. पुढे साखळ्यांऐवजी लांब शाफ्ट. मागचा अ‍ॅक्सल स्प्रिंगांवर वरखाली होतो, म्हणून त्या शाफ्टला युनिव्हर्सल जॉइंट, ज्याला आपल्याकडे गॅरेजमध्ये नुसतं 'क्रॉस' म्हणतात.

एक गंमत इथे लक्षात येते. र्‍यू लपिकवर ताशी बारा किलोमीटरच्या आत चढताना गाडी नक्कीच खालच्या गिअरमध्ये असणार. म्हणजे ज्या थेट गिअरमुळे रेनोचं नाव झालं, त्याचा त्या चढावर उपयोगच नव्हता. त्याचं सुख कळायचं ते सपाट रस्त्यावर. गाड्या मागणाऱ्यांना चढाने भुरळ घातली.

9 फेब्रुवारी 1899 ला लुईने या रचनेचं पेटंट मागितलं आणि त्याच महिन्यात भावांनी 'रेनो फ्रेर' कंपनी काढली. इतर कारखान्यांनी ही रचना झपाट्याने उचलली. लुईपेक्षा मोठा भाऊ मार्सेल 1903 च्या पॅरिस-माद्रिद शर्यतीत अपघातात गेला. ती शर्यत बोर्दोलाच थांबवावी लागली, इतके बळी तिने घेतले.

पुढे रेनोच्या दोन सिलिंडरच्या टॅक्सी पॅरिसभर धावल्या. त्यांचा रेडिएटर इंजिनच्या मागे असे आणि पाण्याचा पंप नसेच. तापलेलं पाणी हलकं होऊन वर चढायचं, गार झालेलं खाली उतरायचं, बस्स. सप्टेंबर 1914 मध्ये पहिल्या महायुद्धातल्या मार्नच्या लढाईत सुमारे सहाशे टॅक्सींनी हजारो सैनिक आघाडीकडे नेले, त्या बहुतेक याच. तेव्हाही त्यांचे मीटर चालू होते.

आजच्या बहुतेक छोट्या मोटारींत इंजिन आडवं असतं आणि चाकं पुढची ओढतात. तिथे येणारा आणि जाणारा दांडा एका रेषेत येऊच शकत नाही, म्हणून थेट गिअर नाही. उत्तम घासलेले दात आणि चांगलं तेल यांच्यामुळे ते चालून जातं. पण पुढे, गाडीच्या लांबीच्या दिशेने इंजिन असलेला ट्रक घ्या, जुनी जीप घ्या. घाट संपून सपाटी लागते, ड्रायव्हर वरचा गिअर टाकतो आणि गिअरबॉक्सची घरघर एकदम खाली येते. त्या क्षणी बऱ्याचदा दोन दांडे एकमेकांत अडकलेले असतात, बागेतल्या त्या शेडमध्ये जुळवले होते तसेच.