चालायला लागला म्हणजे बरा झाला?

पक्षाघाताचा पेशंट घरात चालू लागला की नातेवाईक म्हणतात, ‘झालं, आता फिजिओ बंद.’ हा समज जुना आहे आणि चुकीचाही. फिजिओथेरपिस्ट जमिनीवर चिकटपट्टीने 10 मीटर आखून स्टॉपवॉच लावतात, ते उगाच नाही. 25 सेकंदांहून जास्त लागले, म्हणजे वेग सेकंदाला 0.4 मीटरपेक्षा कमी भरला, तर ते चालणं बहुधा घरापुरतंच. बाहेर मोकळं फिरायला साधारण 0.8 लागतो, सिग्नल काही आपल्यासाठी थांबत नाही. दुसरी चाचणी खुर्चीची: उठायचं, 3 मीटर जायचं, वळून परत येऊन बसायचं. वळताना पाय अडखळतो का, तोल जातो का, ते तिथे दिसतं. मनगटावरच्या घड्याळावर मात्र विसंबू नका. पाय ओढत हळू चालणाऱ्याची बरीच पावलं ते मोजतच नाही.