आरोपी, मग रुग्ण, मग सोबती: ‘वांड’ मुलांच्या आईबापांना मिळालेल्या मदतीची पार्श्वभूमी

जे मूल वर्गात बाकं उलथवतं, घरी धाकट्या भावंडाला मारतं किंवा आठवडेच्या आठवडे कुणाशी धड बोलत नाही, त्याच्या आईबापाला विचारला जाणारा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘घरी काही वळण लावलंत की नाही?’ शेजारी विचारतात, सासूबाई विचारतात, शाळेच्या ऑफिसात बोलावून मुख्याध्यापकही विचारतात. विसाव्या शतकातल्या बऱ्याच मोठ्या काळात हाच प्रश्न डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञही विचारत होते, फक्त जरा भारदस्त भाषेत. अशा मुलांसाठी ज्या सोयी उभ्या राहिल्या, त्या सगळ्यांवर या प्रश्नाची छाप आहे.

सुरुवात कोर्टापासून होते. 1899 साली अमेरिकेत शिकागोमध्ये पहिलं बालन्यायालय सुरू झालं. मुलांना मोठ्यांच्या तुरुंगात टाकायचं नाही एवढं ठरलं, पण तीच ती मुलं पुन्हा पुन्हा का पकडली जातात, हे न्यायाधीशांना उमगेना. एथेल डमर या श्रीमंत बाईंनी पैसा दिला आणि 1909 मध्ये डॉ. विल्यम हीली यांच्या हाताखाली या मुलांच्या तपासणीची संस्था निघाली. गुन्हेगारी रक्तातच असते, हा त्या काळचा लाडका सिद्धांत. हीलींनी तो बाजूला ठेवला, एकेका मुलाला समोर बसवलं आणि त्याची कहाणी त्याच्याच तोंडून ऐकली. शरीर, बुद्धी, घर, गल्ली, संगत असं सगळं तपासलं. एकच एक कारण त्यांना सापडलं नाही, आणि माझ्या मते हाच त्यांचा सगळ्यात मोलाचा निष्कर्ष होता. पुढची पिढी नेमका तोच विसरली.

1922 पासून कॉमनवेल्थ फंड या धर्मादाय निधीच्या पैशावर अमेरिकेतल्या निरनिराळ्या शहरांत बालमार्गदर्शन केंद्रं निघाली. मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ती अशी तिघांची चमू असे. मूल डॉक्टरकडे, आई समाजकार्यकर्तीकडे. बाप बहुतेक वेळा कुठेच नाही. वरवर ही वाटणी सोयीची दिसते, पण तिच्यामुळे आईसुद्धा केंद्राची रुग्णच ठरली. मुलाची माहिती सांगायला आलेल्या बाईची स्वतःची केस-फाइल उघडली जाऊ लागली. 1943 मध्ये डेव्हिड लेव्ही यांनी अति जपणाऱ्या आयांवर पुस्तकच लिहिलं. 1949 मध्ये लिओ कॅनर यांनी स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या आईबापांच्या थंडपणाबद्दल लिहिताना फ्रिजची उपमा दिली आणि ती जगभर पसरली. ब्रुनो बेटेलहाइम यांनी 1967 पर्यंत तीच गोष्ट आणखी कडवटपणे मांडली. म्हणजे लाड केले तरी आईचीच चूक, आवरून राहिली तरी आईचीच चूक.

याच शिकागोचा एक धागा थेट मुंबईत येतो. शिकागो विद्यापीठात शिकलेले क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन मराठी मिशनच्या कामासाठी 1920 च्या दशकात मुंबईत आले आणि भायखळ्याजवळ, गिरणी कामगारांच्या दाट वस्तीत, त्यांनी नागपाडा नेबरहूड हाउस उभं केलं. त्याच ठिकाणी 1936 मध्ये सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झालं. आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच. वर्षभरात, 1937 मध्ये, विद्यालयाने बालमार्गदर्शन केंद्र काढलं. देशातलं हे असं पहिलं केंद्र मानलं जातं. तीन तज्ज्ञांची चमू, घरभेटी, मुलाचा सविस्तर पूर्वेतिहास ही सगळी पद्धत सोबत आली. त्या पद्धतीत दडलेला आईवरचा संशयही आला असणार, आणि तो इथे रुजायला वेळ लागायचं कारण नव्हतं. ‘आईच्या लाडाने बिघडलं’ हे वाक्य आपल्याकडे कुठल्याही क्लिनिकच्या आधीपासून होतं.

या संशयाला पहिला धक्का न्यू यॉर्कमध्ये बसला. स्टेला चेस आणि अलेक्झांडर थॉमस या डॉक्टर जोडप्याने 1956 पासून 133 मुलांचा अगदी तान्हेपणापासून पुढे वर्षानुवर्षं माग ठेवला. काही बाळं पहिल्या महिन्यांपासूनच वेगळी असतात, असं त्यांना दिसलं: झोपेची वेळ नाही, नवं काही आलं की आकांत, भावना टोकाच्या. दहातलं साधारण एक मूल असं निघालं. त्याच आईची बाकीची मुलं मात्र शांत असू शकत होती. मुलाचा पिंड आणि घराची रीत यांचा मेळ बसतो की नाही यावर पुढचं अवलंबून असतं, अशी मांडणी त्यांनी केली. तिच्यात आरोपीच उरला नाही. 1964 मध्ये बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने स्वमग्नतेचं कारण आईच्या वागण्यात नसून शरीरात शोधा, असं ठासून लिहिलं. त्यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता. पुढच्याच वर्षी त्यांनी इतर पालकांना बरोबर घेऊन संघटना उभी केली.

दुसरा धक्का जास्त उपयोगाचा ठरला. ओरेगन राज्यातले जेराल्ड पॅटरसन आणि त्यांचे सहकारी 1960 च्या दशकापासून दवाखान्यात न बसता घराघरांत जाऊन बसू लागले आणि कोण काय बोलतं, त्यावर दुसरा काय करतो, याची क्षणाक्षणाची नोंद घेऊ लागले. त्यातून जे दिसलं ते आजच्या कुठल्याही घरातलं आहे. आई म्हणते, मोबाइल ठेव. मूल किंचाळतं. आई दमलेली असते, ती म्हणते, बरं, पाचच मिनिटं. किंचाळणं थांबतं. मुलाला कळतं की ओरडलं की मिळतं, आणि आईला कळतं की सोडून दिलं की शांतता मिळते. दोघंही एकमेकांना शिकवत असतात, आणि प्रत्येक फेरीत आवाज चढत जातो. पॅटरसन यांनी 1982 च्या पुस्तकात हे चक्र नीट मांडलं. यात कुणी वाईट नाही, पण कुणालाच एकट्याने बाहेर पडता येत नाही. आईबापांना शिकवण्याचे जे कार्यक्रम आज जगभर चालतात (लहानसा आदेश, लगेच आणि नेमकं कौतुक, आधी ठरवलेला आणि न डगमगता पाळलेला परिणाम) त्यातले बरेचसे या नोंदवह्यांतून निघाले. इथे पालक पहिल्यांदाच उपचार घेणारे नसून उपचार करणारे झाले.

पण घरात कसं वागावं हे कळलं तरी रात्री दोन वाजता सोळा वर्षांचा मुलगा हातात सुरी घेऊन उभा असेल तर जायचं कुठे? 1982 मध्ये जेन निट्झर यांनी अमेरिकेतल्या बालहक्क संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालाने या प्रश्नाला तोंड फोडलं. गंभीर भावनिक अडचणी असलेल्या सुमारे तीस लाख मुलांपैकी दोनतृतीयांश मुलांना हवी ती सेवा मिळतच नव्हती. ज्यांना मिळत होती, त्यांच्यातल्या अनेकांना घरापासून दूर संस्थेत ठेवलं जात होतं, कारण घरी येऊन मदत करायला पैसा नव्हता आणि संस्थेसाठी होता. 1984 मध्ये तिथल्या केंद्र सरकारने राज्यांना या सेवा जोडून घेण्यासाठी निधी सुरू केला. 1986 मध्ये पोर्टलंड शहरात पालक आणि व्यावसायिक एकाच मांडवात बसले. 1989 मध्ये पालकांनी स्वतःचा राष्ट्रीय महासंघ काढला. ज्या आईने यातून मूल वाढवलं आहे, तिलाच पगार देऊन दुसऱ्या आईच्या सोबतीला नेमायचं, ही कल्पना या चळवळीत वाढली. मॅसॅच्युसेट्समध्ये 2006 च्या कोर्टनिकालानंतर ती सरकारी सेवेचा भाग झाली.

तरीही किंमत किती होती ते पाहा. अमेरिकी संसदेच्या लेखापाल कार्यालयाने 2003 मध्ये जाहीर केलं की 2001 या आर्थिक वर्षात किमान 12,700 मुलांना आईबापांनी बालकल्याण खात्याच्या किंवा बालगुन्हेगारी यंत्रणेच्या हवाली केलं होतं, केवळ मानसिक उपचार मिळावेत म्हणून. हा आकडाही मोजक्या राज्यांच्या आणि काउंट्यांच्या (म्हणजे तिथल्या जिल्ह्यांच्या) उत्तरांवर आधारलेला, म्हणजे खरा त्याहून मोठाच. विम्याचे पैसे संपले की उपचाराचा एकच दरवाजा उरायचा, आणि त्यासाठी मूल सरकारला द्यावं लागायचं.

आपल्याकडेही असा दरवाजा होता. 1986 च्या बालन्याय कायद्यातलं कलम 17 ‘अनावर’ मुलांबद्दल होतं. मूल आपल्याला आवरत नाही अशी तक्रार आईबापाने बालकल्याण मंडळाकडे केली, की चौकशी करून मुलाला संस्थेत ठेवता येत असे. 2000 च्या कायद्यात हे कलम गेलं. त्याच्या जागी घरात येऊन हात देणारं मात्र काही आलं नाही.

कुटुंबाला उपचाराबाहेर ठेवण्याची अमेरिकेतली चूक भारतात तितकीशी झाली नाही. 1950 च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून रुग्णांच्या नातेवाइकांना राहायला बोलावलं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनेही नातेवाइकांना सोबत ठेवण्याची रीत पाडली. याचं कौतुक होतं ते रास्तच, पण माणसांची टंचाई हेही त्यामागचं एक कारण होतं, हे कौतुकाच्या भरात राहून जातं. कुटुंब हजर असणं वेगळं आणि कुटुंबाला कुणी आधार देणं वेगळं.

हक्कांच्या बाबतीत ज्यांच्या हाती प्रमाणपत्र आलं ते पुढे गेले. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांना जागा मिळाली. महाराष्ट्रात 1996 पासून अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळू लागल्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, पण अतिचंचलतेचं (एडीएचडी) नाव स्वतंत्रपणे त्यात नाही, आणि नुसत्या रागाचं, मोडतोडीचं, शाळेत जायला नकार देणाऱ्या भीतीचं तर नाहीच. पांगळ्या मुलाच्या आईला लोक जागा करून देतात. वांड मुलाच्या आईला सल्ला देतात. अशा आया पालकसभेत तोंड उघडत नाहीत, मग संघटना कुठून होणार? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 16 नुसार प्राथमिक शिक्षण पुरं होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. पण ‘तुम्हीच दाखला काढून न्या’ असं तोंडी सुचवायला कुठलं कलम आड येत नाही.

2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयाच्या मुलांमध्ये मानसिक विकारांचं प्रमाण 7.3 टक्के आढळलं. ज्या 12 राज्यांत ते झालं, त्यांत महाराष्ट्र नव्हता. ऑक्टोबर 2022 पासून 14416 या टेलि-मानस क्रमांकावर, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर, मराठीतून बोलता येतं, आणि मुलाबद्दलच नव्हे तर स्वतःच्या थकव्याबद्दलही बोलता येतं. हे फारशा पालकांना माहीत नसतं. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम 87 मध्ये मुलाला दाखल करायची वेळ आली तर त्याला मोठ्यांपासून वेगळं ठेवणं बंधनकारक आहे, आणि आईबापांपैकी कुणी किंवा त्यांनी नेमलेलं माणूस मुक्कामभर त्याच्याजवळ असलंच पाहिजे. आईबापाला एवढ्या ठामपणे मुलाशेजारी बसवणारी तरतूद याआधी आपल्याकडे नव्हती. त्या मुक्कामात बुडणाऱ्या रोजंदारीबद्दल आणि घरी उरलेल्या दुसऱ्या मुलाबद्दल कायद्यात काही नाही.