आत्मपरीक्षण (इग्नेशियन परंपरा)

सरलेल्या दिवसाकडे देवाच्या सान्निध्यात पुन्हा पाहण्याची कॅथलिक प्रार्थनापद्धती. वेळ साधारण दहा ते पंधरा मिनिटे. दुपारी एकदा आणि रात्री एकदा. येशूसंघ (जेझुइट) या कॅथलिक धर्मसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांनी ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तिकेत ती घालून दिली. पोप तिसरे पॉल यांनी १५४८ मध्ये पुस्तिकेला मान्यता दिली. रात्री दिवसाचा हिशेब घेण्याची सवय त्याहून पुष्कळ जुनी आहे. रोमन तत्त्वज्ञ सेनेकाही ते करत असे. इग्नेशियस यांच्या पद्धतीत मात्र आधी आभार येतात, हिशेब त्यानंतर.

उगम. मे १५२१ मध्ये स्पेनमधील पाम्पलोना येथील लढाईत तोफेच्या गोळ्याने इग्नेशियस यांचा पाय मोडला. घरी अंथरुणाला खिळलेले असताना त्यांना वाचायला शौर्यकथा हव्या होत्या. मिळाले ते ख्रिस्तचरित्र आणि संतकथा. दरबारी पराक्रमाची स्वप्ने रंगवताना मजा येई, पण ती ओसरली की मन कोरडे पडे. संतांसारखे जगण्याचा विचार केला की आनंद मागेही टिकून राहत असे. विचार येतो तेव्हा काय वाटते यापेक्षा तो गेल्यावर मागे काय उरते हे पाहावे, असा या पद्धतीचा सगळा रोख आहे आणि त्याचे मूळ या आजारपणात आहे.

पायऱ्या. पुस्तिकेच्या ४३व्या परिच्छेदात पाच पायऱ्या दिल्या आहेत. पहिली, मिळालेल्या उपकारांबद्दल आभार. येथे ‘सर्व कृपेबद्दल धन्यवाद’ म्हणून पुढे सरकले की पायरी वाया गेलीच म्हणून समजावे. नेमकी गोष्ट आठवावी लागते: मुलाचा उतरलेला ताप, शेजारणीने न सांगता भरून ठेवलेले पाणी. दुसरी, आपले दोष दिसावेत आणि सुटावेत म्हणून कृपेची याचना. म्हणजे पाहण्याचे कामही एकट्याच्या बळावर करायचे नाही. तिसरी, उठल्यापासून आतापर्यंत तासातासाने धांडोळा: आधी विचार, मग बोलणे, मग कृती. चौथी क्षमायाचना आणि पाचवी उद्यासाठी निश्चय. शेवटी येशूने शिष्यांना शिकवलेली ‘प्रभूची प्रार्थना’ म्हणतात.

याशिवाय ‘विशेष परीक्षण’ आहे. त्यात एकच दोष निवडायचा, उदाहरणार्थ घरच्यांवर खेकसणे. सकाळी उठताच त्याबाबत सावध राहण्याचे ठरवायचे. चूक घडली की छातीला हात लावायचा. चारचौघांतही तो कोणाच्या लक्षात येत नाही. वहीत प्रत्येक दिवसासाठी दोन रेघा असतात. वरच्या रेघेवर दुपारच्या जेवणापर्यंतच्या चुकांचे ठिपके आणि खालच्या रेघेवर रात्रीपर्यंतचे. मग दुपारची तुलना रात्रीशी, आजची कालशी, या आठवड्याची मागच्याशी करायची. एकाच वेळी चार दोष हाती घेतले की वही चार दिवसांत बंद पडते.

सांत्वन आणि खिन्नता. श्रद्धा, आशा, प्रेम वाढवणाऱ्या मनःस्थितीला इग्नेशियस ‘सांत्वन’ म्हणतात आणि देवापासून तुटल्यासारख्या, आळसावलेल्या, निराश स्थितीला ‘खिन्नता’. दोन्ही येतात आणि जातात. त्यांचे नियम व्यावहारिक आहेत. खिन्नतेत आधीचा निर्णय बदलू नये. प्रार्थना कमी करण्याऐवजी ठरल्या वेळेपेक्षा थोडी लांबवावी. सांत्वन असताना पुढे येणाऱ्या खिन्नतेचा विचार करून बळ साठवावे. आभाराच्या पायरीत आठवलेल्या गोष्टी रोज लिहून ठेवल्या असतील तर त्या उपयोगी पडतात त्या याच ठिकाणी: वाईट दिवसांत ‘देवाने मला कधी सावरलेच नाही’ असे वाटू लागले, तर मागच्या आठवड्यातली पाने वेगळे सांगतात.

या परंपरेत समाधान म्हणजे सुखाची अवस्था नव्हे. आरोग्य की आजार, संपत्ती की दारिद्र्य, मान की अपमान, दीर्घ आयुष्य की अल्प, यांपैकी कशाचाही आधीच हट्ट न धरता देवाकडे नेईल ते निवडण्याची मोकळीक म्हणजे समाधान, आणि या मोकळिकेचे वर्णन पुस्तिकेच्या २३व्या परिच्छेदात आहे. ही मोकळीक निश्चय करून येत नाही. कशाला आपण घट्ट धरून बसलो आहोत, हे रोज थोडे थोडे दिसत गेले की पकड सैलावते.

प्रसार. येशूसंघाच्या संविधानात शिकणाऱ्या सदस्यांनी दिवसातून दोनदा परीक्षण करावे असे म्हटले आहे. पुढे त्याला पापांच्या मोजदादीचे रूप आले. अमेरिकन येशूसंघीय जॉर्ज आशेनब्रेनर यांनी १९७२ मधील लेखात त्याला पुन्हा मूळ वळणावर आणले: आज देव कुठे खेचत होता आणि मी कुठे मागे सरलो, हा मुख्य प्रश्न. मुंबईत जन्मलेले येशूसंघीय अँथनी डिमेलो (१९३१–१९८७) यांनी पुण्यात सुरू केलेली आणि पुढे लोणावळ्यास गेलेली ‘साधना’ संस्था प्रार्थनेला श्वासाकडे लक्ष देण्यासारख्या भारतीय ध्यानपद्धतींची जोड देण्यासाठी ओळखली जाते.

अडचणी. सर्वांत साधी अडचण झोपेची: अंथरुणात पडून केलेले परीक्षण दुसऱ्या पायरीपलीकडे क्वचित जाते, म्हणून खुर्चीत बसून, जेवण आणि झोप यांच्या मध्ये करावे. परीक्षण म्हणजे पापनिवेदन (धर्मगुरूसमोर पापांची कबुली) नव्हे. फक्त चुकाच आठवत राहिल्या तर माणूस आठवडाभरात कंटाळतो. अतिशंकेखोर मनाला तर ते घातकच ठरू शकते. स्पेनमधील मानरेसा येथे असताना जुन्या पापांच्या शंकांनी इग्नेशियस स्वतः आत्महत्येच्या विचारापर्यंत पोहोचले होते. अशा व्यक्तीने तासातासाचा धांडोळा सोडून फक्त आभाराची पायरी करावी आणि तीही आध्यात्मिक मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली. झोप, भूक आणि कामाची इच्छा आठवडेच्या आठवडे गेली असेल तर ती इग्नेशियस यांची खिन्नता धरून चालू नये. तेथे डॉक्टरकडे जावे, आणि प्रार्थनेची वेळ त्यासाठी कमी करावी लागली तरी चालेल.