अलास्का ते अर्जेंटिना: मधे गाडी जहाजावर चढवावीच लागते

‘पॅन-अमेरिकन हायवे म्हणजे अलास्कापासून अर्जेंटिनाच्या टोकापर्यंत सलग रस्ता’ असं वर्षानुवर्षं ऐकू येतं. तसं नाही. पनामातल्या याविझा गावात रस्ता संपतो. पुढे कोलंबियाच्या बाजूला रस्ता लागेपर्यंत सुमारे १०० किलोमीटर दारिएनचं जंगल आणि दलदल. त्यामुळे कॅम्पर व्हॅन पनामातल्या कोलोनहून जहाजाने, बहुधा कोलंबियातल्या कार्ताहेना बंदरात, पाठवावी लागते. २०१४ मध्ये गाड्या नेणारी फेरी बोट सुरू झाली होती, पण ती फार टिकली नाही.

आधी व्हॅनची उंची मोजा. हाय-क्यूब, म्हणजे नेहमीपेक्षा उंच, कंटेनरचं दारही जेमतेम २.५८ मीटर, उंच टपाची गाडी त्यात शिरत नाही. मग उरतं रो-रो जहाज, म्हणजे ज्यात गाड्या चालवतच आत नेतात आणि बाहेर काढतात ते. तिथे किल्ली बंदरावरच सोपवावी लागते, म्हणून मौल्यवान सामान आधीच काढून घ्या (चोऱ्या होतात, बरं का). तुम्ही स्वतः मात्र विमानाने.