मीटरला कान असतेत का?

परभणीचा माझा मित्र भजनी मंडळात पखवाज वाजवतो. पखवाजाच्या खर्जाच्या बाजूला धुमा म्हणतात, तिला ओली कणीक लावतात. दिवाळीत त्यानं एक जुना व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा, अ‍ॅम्प्लिफायर घेतला आणि मला बोलावून घेतलं. "ट्रान्झिस्टरवाल्यावर धुमा कोरडा वाजतो. ह्याच्यावर बघ, ओली कणीक लावल्यासारखा. तुझ्या मीटरला काय कान असतेत का?"

फरक मलाही ऐकू आला. कागदावर मात्र उलटं होतं : व्हॉल्व्हचं डिस्टॉर्शन (मूळ आवाजात होणारी बिघाडाची भर) 1 टक्का, ट्रान्झिस्टरचं 0.01 टक्का. मग मोजमाप खोटं का? नाही. तो आकडा वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर होता.

डिस्टॉर्शन मोजताना अ‍ॅम्पला 8 ओहमचा साधा रेझिस्टर जोडतात. स्पीकर तसा नसतो. त्याच्या मागे '8 ओहम' छापलेलं असलं तरी प्रत्येक वारंवारितेला त्याचा विरोध वेगळा. स्पीकरचा शंकू, म्हणजे त्याचा हलणारा पडदा, स्वतःच्या नैसर्गिक वारंवारितेला जोरात हलतो, तेव्हा त्याची कॉइल चुंबकात फिरणाऱ्या डायनॅमोसारखी उलटा दाब (व्होल्टेज) निर्माण करते. तिथं विरोध 20 ओहमवर चढतो. थोडं वर गेलं की 6 वर उतरतो. मित्राच्या स्पीकरचा चढ 70 हर्ट्झजवळ, म्हणजे खर्जातच होता.

आता शाळेतला ओहमचा नियम. प्रत्येक अ‍ॅम्पच्या पोटात स्वतःचा थोडा रोध असतो. ह्या व्हॉल्व्हवाल्यात तो 2 ओहम निघाला. म्हणजे 20 ओहमच्या जागी स्पीकरला 22 पैकी 20 भाग व्होल्टेज मिळतं, 91 टक्के. 6 ओहमच्या जागी 8 पैकी 6, म्हणजे 75 टक्केच. दोन्हींतलं अंतर जवळपास 1.7 डेसिबल. ट्रान्झिस्टरवाल्याचा अंतर्गत रोध 0.05 ओहम, त्यामुळे तिथं हेच अंतर 0.05 डेसिबल, कुणालाही ऐकू न येणारं. शिवाय शंकूनं तयार केलेल्या उलट्या दाबाला कमी रोधाच्या अ‍ॅम्पमधून सहज वाट मिळते आणि शंकू लवकर थांबतो. 2 ओहममधून वाट अरुंद, म्हणून तो जरा जास्त वेळ घुमतो. कोरडा आणि ओला धुमा तो हाच! मला ह्या हिशेबाचं अजून नवल वाटतं.

तुलनेआधी आवाज मात्र समान हवा. 0.2-0.3 डेसिबलनं मोठा असलेला अ‍ॅम्प 'मोठा' वाटत नाही, 'चांगला' वाटतो. म्हणून मी 400 हर्ट्झचा सूर लावून दोन्हींच्या स्पीकर टोकांवर मल्टिमीटरनं व्होल्टेज जुळवलं, तीन शतांश व्होल्टच्या आत.

आणि डोळे बंद हवेत. आपल्याकडं बोअर घ्यायचं तर पाणाडी तळहातावर नारळ आडवा ठेवतो आणि तो उभा राहतो. पाणी लागलं की गाव बोलतं, कोरडी गेलेली बोअर कुणी मोजत नाही. हजारो रुपयांच्या वायरीवर 'ह्या दिशेनंच जोडा' असा बाण असतो, तोही त्याच जातीचा. ऐकणाऱ्याला काय चालू आहे हे कळता कामा नये.

1985 साली अमेरिकेत बॉब कार्व्हर ह्या अभियंत्यानं स्वतःचा अ‍ॅम्प एका महागड्या अ‍ॅम्पशी जुळवला. दोघांतून बाहेर पडणारा सिग्नल एकमेकांतून वजा केला की जवळजवळ काही उरेना, इतका. नंतर समीक्षकांना दोन्ही वेगळे ओळखता आले नाहीत. मी त्याचंच छोटं रूप केलं. ट्रान्झिस्टरवाल्याच्या वायरीत 1 ओहमचे दोन सिमेंटचे रेझिस्टर ओळीनं जोडले आणि आवाज पुन्हा जुळवला.

मित्राचा भाचा पडद्यामागं नाणं उडवून अ‍ॅम्प बदलत होता. रेझिस्टर नसताना मित्रानं 16 पैकी 15 वेळा अचूक ओळखलं; त्याचा कान पक्काच आहे. रेझिस्टर लावल्यावर 9 वेळा. नुसत्या अंदाजानंही 8 यायला हवेत. योगायोग नाही म्हणायला किमान 12 लागतात.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "त्या दोन पांढऱ्या तुकड्यांना एक स्विच लावून दे." आता भजनाला रेझिस्टर आत असतात, बातम्यांना बाहेर. शहाबादी फरशीच्या त्या खोलीतला घुमारा त्याहून मोठा आहे, त्यासाठी पुढच्या खेपेला भिंतीलगत गाद्या लावून मोजायचं ठरलंय.